माफक खर्चात पुढच्या पायरीची क्लॅरिनेट: कोणती घ्यावी आणि कशी पारखावी?

एडिसनकर

नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीतील शाळेत आठवीत शिकते आणि पाचवीपासून शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तिच्याकडे यामाहाची वायसीएल-२५५ ही प्लॅस्टिकची क्लॅरिनेट आहे आणि ती आम्ही एका दुकानातून मासिक भाड्याने घेतलेली आहे. सप्टेंबरमध्ये ती हायस्कुलात जाईल आणि तेथे रीजन बँडच्या (विभागातल्या निवडक विद्यार्थ्यांच्या बँडच्या) चाचणीला बसण्याची तिची इच्छा आहे. तिच्या शिक्षिकांनी मागच्या आठवड्यात चिठ्ठी पाठवून "आता पुढच्या पायरीचे वाद्य पाहावे" असे सुचवले. कोणते पाहावे, हे मात्र आमच्यावर सोडले. माझ्या माहेरी पेटी होती, तेवढाच काय तो आमच्या घराचा सुरांशी संबंध.

सगळे मिळून नऊशे डॉलरच्या वर जाणे आम्हाला शक्य नाही. सध्या चार पर्याय समोर आहेत. पहिला, इंटरनेटवर दिसणारी, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची, 'शंभर टक्के लाकडी' अशी नवी क्लॅरिनेट, किंमत ३८० डॉलर. दुसरा, आमच्या दुकानातच असलेली जुनी लाकडी यामाहा वायसीएल-४५०, किंमत ७५० डॉलर. तिसरा, एका गृहस्थांकडील १९७०च्या दशकातील, बुफे या फ्रेंच कंपनीची आर-१३, जिचे ते १,४०० डॉलर मागतात; हिच्यासाठी आम्हाला उसनवारी करावी लागेल. चौथा पर्याय सासऱ्यांनी सांगलीहून सुचवला आहे. त्यांचे एक स्नेही बँड पथकात आहेत आणि मेरठहून फार थोड्या पैशांत क्लॅरिनेट मागवून देतो म्हणतात. यांतले काय घ्यावे?

काळीपाच

मी पणजीचा. आमच्या घरात क्लॅरिनेट तीन पिढ्यांची आहे. आजोबा गावच्या पॅरिश शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेजो (स्वरलिपी वाचून गाणे) शिकले आणि पुढे मुंबईला जाऊन वाद्यवृंदात बसले. त्यांचे एक वाक्य घरात अजून चालते, की क्लॅरिनेट विकत घ्यायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःच्या तोंडात काय आहे ते पाहावे.

म्हणून उत्तर देण्याआधी मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. मुलीच्या क्लॅरिनेटला माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, कोणता आहे? ती रीड (माउथपीसवर बांधायची वेताची पातळ पट्टी; क्रमांक जितका मोठा तितकी ती कडक) कोणत्या क्रमांकाची वापरते आणि एक रीड किती दिवस चालवते? गेल्या तीन-चार वर्षांत ते वाद्य कोणा कारागिराने उघडून पाहिले आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, ती अडते कुठे: अगदी खाली, मध्यभागी, की वरच्या सुरांत? शिक्षिकांच्या 'पुढच्या पायरीचे वाद्य' या शब्दांतील निम्मी पायरी अनेकदा माउथपीसमध्ये आणि गळक्या पॅडमध्ये (चावीखालच्या, छिद्र झाकणाऱ्या गादीत) असते, आणि ती निम्मी पायरी दोनशे डॉलरच्या आत चढता येते.

एडिसनकर

आपल्या प्रश्नांची उत्तरे मुलीला विचारूनच देते आहे. माउथपीसवर '४सी' असे लिहिले आहे. तो वाद्याबरोबर आलेला आहे. रीड अडीच क्रमांकाची. एक रीड ती फुटेपर्यंत वापरते, म्हणजे कधीकधी दोन महिने. दुरुस्तीला वाद्य एकदाही दिलेले नाही. खालचे सूर तिला चांगले येतात, परंतु मधल्या सुरांवरून वरच्या भागात जाताना आवाज किंचाळतो किंवा क्षणभर येतच नाही, आणि वरचे सूर बारीक पडतात. ती रोज चाळीस मिनिटे सराव करते, तो मी ऐकते, त्यामुळे किंचाळण्याची साक्ष मीही देऊ शकेन.

पॅडवाला

मी पेनसिल्व्हेनियात वाद्यदुरुस्तीच्या बाकावर अकरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझा कल दुरुस्तीकडे असणार हे धरूनच पुढचे वाचावे.

ताईंनी सांगितलेले लक्षण क्लॅरिनेटच्या मुळाशीच आहे. बासरीत फुंक वाढवली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी एका टोकाला, म्हणजे रीडपाशी, बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे डाव्या अंगठ्याची रजिस्टरची चावी दाबली की ती सप्तक ओलांडून आणखी पाच सूर वर उडी घेते: खाली सा धरला असेल तर वर सा न येता वरच्या सप्तकातला पंचम येतो. या मोठ्या उडीमुळे क्लॅरिनेटच्या मधोमध एक सांधा पडतो, ज्याला इंग्रजीत 'ब्रेक' म्हणतात. सांध्याच्या खाली जवळजवळ सगळी बोटे उघडी असतात आणि सांधा ओलांडताच जवळजवळ सगळी बोटे एकदम झाकावी लागतात. नऊ-दहा छिद्रे आणि पॅड एकाच क्षणी बसले पाहिजेत. यांतला एक पॅड केसभर जरी उचललेला राहिला, तरी सूर किंचाळतो किंवा गायब होतो. मुलांना वाटते की आपली बोटे चुकली, आणि ती चावी जिवाच्या आकांताने दाबू लागतात. मग बोटे खरोखरच चुकू लागतात.

गळती शोधण्याची एक घरगुती रीत आहे. वाद्याचा वरचा जोड, म्हणजे नळीचा वरचा अर्धा भाग, सुटा करावा, बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) काढावे, डाव्या हाताची तीन बोटे आणि अंगठा आपापल्या छिद्रांवर नीट ठेवावा, खालचे तोंड उजव्या तळहाताने घट्ट बंद करावे आणि वरच्या तोंडाने हवा ओढून घ्यावी. वाद्य हवाबंद असेल तर ती ओढ चार-पाच सेकंद टिकते आणि ओठ काढताना 'पप्' असा आवाज होतो. ओढ लगेच सुटली तर कुठे तरी गळते आहे. नेमके कुठे, ते शोधायला आम्ही सिगारेटच्या कागदाची अगदी अरुंद पट्टी पॅडखाली सरकवतो, चावी हलकेच मिटतो आणि पट्टी ओढतो. चारही बाजूंनी पट्टी सारखी अडली पाहिजे; एका बाजूला अडते आणि दुसरीकडे सहज निसटते, तर पॅड वाकडा बसला आहे. खालच्या जोडाची परीक्षा नवख्याने करू नये, कारण तेथे करंगळ्यांच्या चाव्यांची गुंतागुंत आहे. वाद्य भाड्याचे असल्याने बहुतेक करारांत देखभाल दुकानाकडेच असते. आधी ती फुकट करून घ्यावी.

टेक्सासचा_बाबा

पहिल्या पर्यायाबद्दल अनुभवाने लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी मुलासाठी अशीच नाव नसलेली लाकडी क्लॅरिनेट चारशेच्या आत मागवली. डबा देखणा होता, आतला मखमली कप्पा त्याहून देखणा. चौथ्या महिन्यात उजव्या करंगळीची एक चावी वाकली. कारागिराने ती सरळ करायला चिमटा लावला आणि चावी बिस्किटासारखी मोडली. मला वाटले की त्याचीच चूक. त्याने तुटलेली कड दाखवली, ती आतून करडी आणि दाणेदार होती. त्याने समजावले की चांगल्या वाद्याच्या चाव्या निकेल सिल्व्हरच्या असतात, त्या वाकवता येतात, म्हणून दुरुस्त होतात. ही चावी कसल्या तरी ठिसूळ मिश्रधातूची ओतीव होती आणि तिच्यासाठी सुटा भाग जगात कुठेच मिळणार नव्हता. ती क्लॅरिनेट आता दिवाणखान्यात शोभेला आहे. पाहुणे कौतुक करतात.

पॅडवाला

वरच्या अनुभवात मी एवढेच घालतो की वाद्य घेताना 'हे दुरुस्त होईल का?' हा प्रश्न 'हे वाजते कसे?' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. अनेक कारागीर अशी वाद्ये बाकावर घेतच नाहीत. याउलट तीस-चाळीस वर्षांपूर्वीची चांगल्या घराण्याची क्लॅरिनेट पॅड, कॉर्क आणि स्प्रिंग बदलून पुन्हा उभी राहते.

सांगलीकर

चौथ्या पर्यायाविषयी आपले सासरे प्रेमाने सांगत आहेत, पण तो मुलीच्या कामाचा नाही, आणि त्याचे कारण दर्जाच्या आधी रचनेत आहे. माझ्या मामांनी लग्नाच्या मोसमात वीस वर्षे क्लॅरिनेट वाजवली. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यान् पिढ्या बनतात. नादिर अली आणि कंपनी हे तिथले १८८५ पासूनचे घराणे. आपल्याकडची बँड पथके ज्या क्लॅरिनेटवर वाढली ती बहुतेक साध्या रचनेची, जिला अल्बर्ट सिस्टिम म्हणतात. अमेरिकेतील शाळेत जी चालते ती बोएम रचनेची: १८४० च्या दशकात वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी पॅरिसमध्ये सिद्ध केलेली, सतरा चाव्या आणि सहा कड्यांची. दोन्हींची बोटे वेगळी पडतात. मुलीने चार वर्षांत बोटांत बसवलेले सगळे विसरावे लागेल.

अल्बर्ट रचनेला कमी लेखू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. छिद्रांवर कड्यांची गर्दी कमी असल्याने बोट हळूहळू सरकवून सूर ओढता येतो, आणि मामा 'वरातीच्या' गाण्यांत जी मींड काढत ती त्यांना बोएमवर तशी जमली नाही. पण ते वेगळे काम आहे.

एक धोका आणखी. जुन्या बाजारातून क्लॅरिनेट घेणाऱ्याने नळीवर 'एचपी' (हाय पिच) असा ठसा आहे का ते पाहावे. ब्रिटिश लष्करी बँड एके काळी चढ्या स्वरमानाने, म्हणजे ए हा सूर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा धरून, वाजवीत, आणि तशी वाद्ये भारतात पुष्कळ राहिली. आजच्या ४४० पेक्षा ती अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्याने चढी बोलतात. आमच्या चुलतभावाने असे एक वाद्य हौसेने घेतले आणि पेटीबरोबर बसल्यावर पहिल्या ओळीतच सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बॅरल बाहेर ओढून हा फरक निघत नाही, कारण त्याने आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होते.

जुना_वाचक

सर्व मान्य, पण शेवटी लाकूड ते लाकूड. प्लॅस्टिकच्या क्लॅरिनेटला तो गोडवा येत नाही. ताईंनी नऊशेत जी कोणती खरी लाकडी मिळेल ती घ्यावी.

काळीपाच

या एका मुद्द्यावर मी अडून बसणार आहे. क्लॅरिनेटचे लाकूड म्हणजे ग्रेनाडिला, आपल्या शिसवीच्याच कुळातले, टांझानिया आणि मोझांबिककडून येणारे. ते कठीण आणि तेलकट असते, त्यावर काम फार स्वच्छ उतरते, म्हणून चांगले कारखाने ते वापरतात. पण सूर घडवते ती आतली पोकळी: तिचा व्यास, तिचा वर-खाली होणारा निमुळतेपणा, छिद्रांची जागा आणि त्यांच्या कडा. जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली सुषिर वाद्यांच्या भिंतीच्या साहित्याचा प्रश्न मोजमापांनी तपासला आणि भिंतीच्या कंपनाचा ऐकू येणाऱ्या आवाजात लक्षणीय वाटा नाही, असे दाखवले. लाकडी क्लॅरिनेट गोड वाटते, कारण ज्या वाद्यावर कारखाना लाकूड खर्च करतो त्यावर तो मेहनतही खर्च करतो. मेहनत नसलेले लाकूड म्हणजे टेक्सासच्या बाबांचा दिवाणखाना.

जुना_वाचक

मोजमापे असतील, पण वाजवणाऱ्याच्या बोटांना लाकूड वेगळे लागते, हे मी तीस वर्षे अनुभवले आहे. भौतिकशास्त्रज्ञांनी माझी बोटे तपासलेली नाहीत.

काळीपाच

बोटांविषयी मी वाद घालणार नाही. वाद्य हातात आवडले की माणूस जास्त वाजवतो, आणि त्याचाही आवाजावर परिणाम होतोच.

आता माउथपीसकडे येतो. यामाहाचा ४सी हा नवशिक्यासाठी प्रामाणिक माउथपीस आहे, पण त्यावर आवाजाला रुंदी आणायची जागा कमी आहे. व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीचे बी-४५ आणि एम-१३ लायर हे दोन माउथपीस दुकानात बसून वाजवून पाहावेत. बी-४५ चे तोंड जास्त उघडे आहे, टोकाशी सुमारे १.२ मिलिमीटर, त्याला अडीच-तीनची रीड चालते. एम-१३ लायरचे तोंड मिटके, सुमारे १ मिलिमीटर, त्याला साडेतीनच्या आसपासची कडक रीड लागते आणि त्याबदल्यात वरचे सूर स्थिर मिळतात. व्हँडोरेनच्या '१३' मालिकेचे माउथपीस अमेरिकेतल्या ४४० च्या स्वरमानाला धरून बनवलेले असतात. युरोपकडे ४४२ चालतो. तुमच्या बँडमध्ये सगळे ४४० ला मिळवत असतील, तर मालिका विचारून घ्यावी. आणि दोन महिने एकच रीड हे मात्र आजपासून बंद करावे. चार रीड आळीपाळीने वापराव्यात, वाजवून झाल्यावर पुसून सपाट जागी वाळवाव्यात.

एडिसनकर

दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

पॅडवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे ओढ करून पाहिली. पहिल्यांदा माझाच तळहात नीट बसला नव्हता. तिसऱ्या वेळी कळले की ओढ एक सेकंदही टिकत नाही. दुकानात नेल्यावर त्यांनी वरच्या जोडाचे दोन पॅड बदलले आणि दोन जोडांना सांधणारी पुलाची चावी थोडी वाकवून जुळवली. पैसे पडले नाहीत. त्याच बैठकीत मुलीने तीन माउथपीस वाजवून पाहिले. मी पाठ करून बसले होते, कोणता चालू आहे ते मला माहीत नव्हते. त्यांपैकी एकावर, तोच एम-१३ लायर, ती सांधा ओलांडून वर गेली ते मला कळलेच नाही. हे सगळे तिच्या जुन्या प्लॅस्टिकच्या क्लॅरिनेटवर, हे येथे नोंदवते.

साहजिकच घरात असा प्रश्न निघाला की मग आता नवी क्लॅरिनेट हवीच कशाला? मुलीने मात्र तोंड पाडले आहे.

काळीपाच

मुलीचे तोंड बरोबर पडले आहे. वायसीएल-२५५ वर ती आणखी एक वर्ष चांगले काढू शकेल, पण चाचणीत जे मागतात, हलक्या आवाजातही टिकणारा सूर, खालून वरपर्यंत एकसारखा रंग, भराभर सुटणाऱ्या चाव्या, ते ४५० सारख्या वाद्यावर कमी झगड्यात मिळते. आधी दुरुस्ती आणि माउथपीस करण्याचा फायदा एवढाच, की आता दुकानात वाजवून पाहताना मुलगी वाद्याचीच परीक्षा करील. तिच्या जुन्या माउथपीसची करणार नाही. नव्या वाद्यावर प्रत्येक वेळी स्वतःचाच माउथपीस आणि स्वतःचीच रीड लावायची.

पॅडवाला

वायसीएल-४५० पाहायला जाल तेव्हा ट्यूनर (सूर चढा की उतरलेला ते दाखवणारे यंत्र) बरोबर न्यावा. वाद्य दहा मिनिटे वाजवून गरम होऊ द्यावे, कारण थंड क्लॅरिनेट उतरलेली बोलते आणि त्यावरून निकाल देणे अन्यायाचे ठरेल. मग खालचा एकेक सूर लांब धरावा आणि तोंडाची ठेवण न बदलता रजिस्टरची चावी दाबावी. वर जो सूर येतो तो खालच्याशी किती जुळतो, हीच क्लॅरिनेटच्या पोकळीची खरी परीक्षा. सर्वांत खालचे ई आणि एफ थोडे उतरलेले मिळतील. ती बहुतेक सर्व क्लॅरिनेटांच्या रचनेतली तडजोड आहे, तो त्या वाद्याचा दोष मानू नये. सांध्याच्या अगदी खालचा बी-फ्लॅट सूर दबका येईल, कारण रजिस्टरचे बारीक छिद्रच तिथे त्या सुराचेही काम करते. त्यावरूनही वाद्य नाकारू नये.

लाकडाची तपासणी उजेडात करावी. भेगा बहुधा वरच्या जोडात, ट्रिलच्या (दोन सूर भराभर आलटूनपालटून वाजवण्याच्या) चाव्यांच्या छिद्रांपाशी पडतात. नख हलके फिरवले की लागतात. भरलेली आणि पिना मारून बांधलेली भेग पुष्कळ वर्षे टिकते, तिला घाबरू नये, परंतु किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. जोड एकमेकांत बसवून हलवून पाहावेत. स्प्रिंगांवर गंज आहे का ते भिंगातून पाहावे. पूर्वी समुद्राजवळ राहिलेल्या वाद्यांत हा गंज हमखास सापडतो. किंमत ठरवण्याआधी सगळे पॅड नव्याने बसवण्याचा खर्च विचारावा. माझ्या बाकावर तो चारशे डॉलरच्या आसपास येत असे, म्हणजे साडेसातशेचे वाद्य क्षणात साडेअकराशेचे होऊ शकते.

आर-१३ बद्दल: ते नाव फार मोठे आहे, १९५५ पासून अमेरिकेतील वाद्यवृंद त्यावर बसले आहेत आणि नवी घ्यायला गेलात तर किंमत चार हजार डॉलरच्या पुढे आहे. १,४०० मध्ये मिळणारी जुनी आर-१३ लाभाची असू शकते, पण पन्नास वर्षांचे वाद्य पोकळीने बदललेले असू शकते, कोणी छिद्रे कोरलेली असू शकतात, बॅरल मूळचे नसू शकते. हे ओळखायला अनुभवी हात लागतो. उसने घेऊन हा जुगार खेळू नये.

४५० जमली नाही तर जुनी बुफे ई-११ पाहावी, किंवा फ्रान्समध्ये बनलेल्या जुन्या नोब्ले. नोब्लेचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून त्या स्वस्त मिळतात. आम्ही दुकानात त्यांना गरिबाची फ्रेंच क्लॅरिनेट म्हणत असू.

टेक्सासचा_बाबा

एक गोष्ट कोणीच काढली नाही. मुलगी हायस्कुलात जाते आहे म्हणजे मार्चिंग बँड आलाच. ऑक्टोबरच्या रात्री, पावसात, चार-पाच अंश तापमानात फुटबॉलच्या मैदानावर लाकडी क्लॅरिनेट नेणार आहात काय?

एडिसनकर

हे खरोखर लक्षात आले नव्हते. शाळेला विचारले, पहिल्या वर्षी मार्चिंग बँड सक्तीचा आहे, आणि लाकडी वाद्य मैदानावर आणू नका असे त्यांच्याच पत्रकात छापलेले निघाले.

भाड्याची क्लॅरिनेट विकत घेऊन ठेवण्याचा विचार केला, पण उरलेली रक्कम मोठी होती. भाड्यातून जमा झालेले पैसे दुकानाच्या फक्त नव्या वाद्यांना लागू होतात, जुन्यांना नाही, हे करारातल्या बारीक अक्षरांत होते. ते मी पहिल्या दिवशी वाचायला हवे होते. शेवटी बारावीतून बाहेर पडणाऱ्या एका मुलीची जुनी प्लॅस्टिकची क्लॅरिनेट नव्वद डॉलरला मिळाली. बेलला (खालच्या कर्ण्याला) चरा आहे, बाकी ओढ सहा सेकंद टिकते.

वायसीएल-४५० दोनदा पाहिली. पहिल्या दिवशी खालच्या जोडाचा एक सूर अडखळत होता. दुकानाच्या कारागिरासमोर मुलीनेच सिगारेटच्या कागदाची पट्टी मागितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. त्यांनी खालचे तीन पॅड बदलून दिले आणि किंमत ७१० वर आणली. ट्यूनरवर वरचे-खालचे सूर आम्हाला समजले तितके जुळले. वरचा डी थोडा चढा आहे, तो तोंडाने सावरता येतो असे शिक्षिका म्हणाल्या. माउथपीसचे एकशे पंचवीस, प्लॅस्टिकच्या वाद्याचे नव्वद, वाद्याचे सातशे दहा, म्हणजे पंचवीस डॉलरने वर गेलो. रीडचे पैसे मी मोजलेले नाहीत.

सासऱ्यांना फोनवर सांगितले. ते मे महिन्यात पेटी घेऊन येणार आहेत आणि नातीने त्यांच्या भजनाला साथ द्यावी असे म्हणतात. मुलीची क्लॅरिनेट बी-फ्लॅटची आहे. पेटीशी हे कसे जुळवायचे?

काळीपाच

बी-फ्लॅट म्हणजेच पेटीवरची काळी पाच. मुलगी तिच्या कागदावर 'सी' वाचून जो सूर वाजवते तो पेटीवर काळी पाचचा येतो. आजोबांना काळी पाचमध्ये गायला सांगा. तिला शाळेत पहिल्या वर्षी शिकवलेले सी मेजरचे सप्तकच वाजवायचे आहे. आजोबा पांढरी एकला, म्हणजे पेटीवरच्या 'सी' ला, गाणार असतील तर तिने स्वतःच्या 'डी' ला सा मानावे, दोन शार्प पडतील, तेही तिला येत असेल. माझे येथील नाव कुठून आले हे आता सांगायला नको.

एडिसनकर

धन्यवाद. शेवटचा एक प्रश्न. वाद्य जुने आहे, म्हणजे नव्या लाकडाप्रमाणे हळूहळू वाजवण्याची गरज नाही ना?

पॅडवाला

आहे. दुकानात ते किती महिने डब्यात पडून होते कोणास ठाऊक; कोरड्या लाकडाला आतून एकदम वाफ मिळाली आणि बाहेरून थंडी लागली, की ते तडकते. पहिला आठवडा दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे, मग हळूहळू वाढवावे. उरलेला सराव प्लॅस्टिकच्या वाद्यावर करावा. गाडीतून आणलेले थंड वाद्य लगेच फुंकू नये, वरचा जोड काखेत धरून कोमट करावा. प्रत्येक वेळी आतून कापड ओढावे, आणि जोडांच्या खाचांत साचलेले पाणीही पुसावे, ते बहुतेक जण विसरतात.

तुमच्याकडे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा फार कोरडी होते. डब्यात आर्द्रता राखणारी छोटी पुडी ठेवावी. जुने लोक संत्र्याची साल ठेवत; चालते, पण चार दिवसांनी काढली नाही तर बुरशी येते, आणि मग डबा माझ्यासारख्याकडे येतो.

एडिसनकर

पुडी मागवली आहे. सालीचा वास मुलीला आवडला, म्हणून तिने तीही ठेवली आहे. चौथ्या दिवसाची आठवण मी फोनवर लावून ठेवली.